रस्त्याचं भाडं



न्यायमूर्ती रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. पुढे महाराष्ट्रात गावोगावी अशा माला उभ्या राहिल्या. तिथे बोलणारा माणूस ऐकणाऱ्यांच्या समोर उभा असतो. त्याला त्यांचे चेहरे दिसतात. आणि शेवटी मागच्या रांगेतून कुणीतरी उठून 'तुमचं म्हणणं पटलं नाही' असं सांगू शकतो. टीव्ही घरात आला तेव्हा बोलणारा आणि ऐकणारा यांच्यातलं हे नातं तुटलं. बोलणारे मोजके उरले, आणि बाकी सगळं शहर खुर्चीत बसून बघू लागलं.

हे नातं पुन्हा जोडता येतं का, हे पाहण्याचा प्रयत्न न्यूयॉर्क शहरातल्या काही लोकांनी पन्नास वर्षांहून अधिक काळ केला आहे. त्यात चित्रकार होते, शिक्षक होते, टॅक्सी चालवणारे होते, आजारी माणसं होती आणि त्यांची सेवा करणाऱ्या बायका होत्या. आज मी मुख्यतः त्यांच्याबद्दल बोलणार आहे. उत्तरार्धात मुंबईकडे येईन. न्यूयॉर्कने एक प्रश्न वेळेवर विचारला. मुंबईने तो अजून विचारलेला नाही.

आधी यंत्राबद्दल. १९६७ साली सोनी कंपनीने पोर्टापॅक नावाचा संच बाजारात आणला. खांद्याला लटकवायचा रेकॉर्डर, हातात धरायचा कॅमेरा, अर्ध्या इंची टेप आणि काळंपांढरं, थोडं थरथरणारं चित्र. किंमत अमेरिकेत साधारण दीड हजार डॉलर, म्हणजे स्वस्त अजिबात नाही. पण चार मित्रांनी वर्गणी काढली तर आवाक्यातली. त्याआधी टीव्हीचा कॅमेरा म्हणजे स्टुडिओ, तंत्रज्ञांचा ताफा आणि भलीमोठी गाडी. सिनेमाची रीळ वापरायची तर ती धुवायला प्रयोगशाळेत पाठवावी लागे. पोर्टापॅकची टेप लगेच लावून बघता येत होती. एखाद्या बाईची मुलाखत घेतली, की ती लगेच तिलाच दाखवता येई. मग ती म्हणू शके, 'हे मी चुकीचं सांगितलं, पुन्हा घ्या.' किंवा, 'हे पुसून टाका.' ज्याचं चित्रण होतंय त्याला आपल्या चित्रावर हक्क सांगता येणं, हे टीव्हीच्या इतिहासात नवीन होतं. माझ्या मते पुढची सगळी गोष्ट या हक्कातूनच निघाली.

चित्रकारांनी हे यंत्र लगेच उचललं. मे १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या ५७व्या रस्त्यावर हॉवर्ड वाइज यांच्या कलादालनात एक प्रदर्शन भरलं. टीव्ही हे सर्जनाचं माध्यम आहे, असा दावा त्याच्या नावातच होता. तिथे फ्रँक जिलेट आणि आयरा श्नायडर यांची 'वाइप सायकल' ही मांडणी होती. भिंतीवर नऊ टीव्ही संच. आत येणाऱ्याला त्यांतल्या काहींवर त्या वेळी चालू असलेले कार्यक्रम दिसत. काहींवर तो स्वतः दिसे: कुठे आत्ताचा, कुठे आठ सेकंदांपूर्वीचा, कुठे सोळा सेकंदांपूर्वीचा. जाहिराती आणि बातम्यांच्या रांगेत अचानक आपलाच चेहरा. बघणारा माणूस टीव्हीच्या आत जाऊ शकतो, एवढं एकच विधान त्या कलाकृतीने केलं. पुढच्याच वर्षी वाइज यांनी चालतं दालन बंद केलं, आणि १९७१ साली व्हिडिओ करणाऱ्यांना आधार देणारी 'इलेक्ट्रॉनिक आर्ट्स इंटरमिक्स' ही संस्था काढली. ती आजही जुन्या टेपांचं जतन करते. त्याच वर्षी स्टाइना आणि वुडी वासुल्का या जोडप्याने 'द किचन' हे कलाकेंद्र सुरू केलं. जुन्या हॉटेलच्या इमारतीतल्या एका स्वयंपाकघरात ते भरत असे, म्हणून हे नाव.

पण दालनात किती माणसं येणार? टेप तर हजारो घरांत पोहोचायला हवी. आणि मोठ्या प्रसारण कंपन्या अर्ध्या इंची टेप हातात धरायला तयार नव्हत्या. चित्र स्थिर नाही, दर्जा बसत नाही, हे त्यांचं कारण. त्यामागे दुसरं कारणही होतं: कुणाला बोलू द्यायचं, हे ठरवण्याची सत्ता.

ती सत्ता कशी चालते हे आतून पाहिलेला एक माणूस या गोष्टीत आहे. फ्रेड फ्रेंडली हे सीबीएस कंपनीच्या बातम्यांचे प्रमुख. फेब्रुवारी १९६६ मध्ये अमेरिकेच्या सिनेटसमोर व्हिएतनाम युद्धावर सुनावणी चालू होती आणि मुत्सद्दी जॉर्ज केनन साक्ष देणार होते. फ्रेंडलींना ती साक्ष थेट दाखवायची होती. कंपनीने त्या वेळेत 'आय लव्ह लूसी' या विनोदी मालिकेचा जुना भाग पुन्हा दाखवला. फ्रेंडलींनी राजीनामा दिला. पुढे न्यूयॉर्कचे महापौर जॉन लिंडसे यांनी शहरात केबल टीव्ही कसा यावा हे ठरवण्यासाठी समिती नेमली, तिचं अध्यक्षपद फ्रेंडलींकडे आलं. समितीचा अहवाल १९६८चा.

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन या भागात केबलची गरज का पडली, याचं कारण साधं आहे. तिथल्या उंच इमारतींवर प्रसारणाच्या लहरी आपटत, परतत, आणि घरच्या टीव्हीवर एका माणसाच्या मागे त्याचीच दोन-तीन भुतं दिसत. स्वच्छ चित्र हवं तर तार घरापर्यंत आणायला हवी. तार आणायची तर रस्ता खोदायला हवा. आणि रस्ता कुणाचा? शहराचा.

१९७० साली शहराने दोन कंपन्यांना वीस वर्षांचे परवाने दिले: मॅनहॅटनचा उत्तर भाग टेलिप्रॉम्प्टरला, दक्षिण भाग स्टर्लिंग मॅनहॅटन केबलला. त्या परवान्यात अट घातली, की कंपन्यांनी आपल्या चॅनलांपैकी दोन चॅनल जनतेसाठी राखायचे. जो आधी मागेल त्याला आधी वेळ. कार्यक्रमात काय असावं, यात कंपनीने हात घालायचा नाही. जाहिराती नाहीत. १ जुलै १९७१ रोजी हे दोन चॅनल सुरू झाले. त्यांना सी आणि डी अशी नुसती अक्षरं होती.

मला या व्यवहाराचा फार आदर वाटतो. पालिकेने इथे दान मागितलं नाही, की कंपनीच्या सामाजिक जाणिवेला आवाहन केलं नाही. आमच्या रस्त्याखालून तुम्ही धंदा नेणार, तर त्याचं भाडं द्या. आणि भाड्याचा काही भाग पैशात न देता वेळेत द्या, एवढंच तिने म्हटलं. मोकळ्या बोलण्याचा अधिकार तिथे एका पालिकेच्या करारात, खोदकामाच्या कलमांच्या शेजारी लिहिला गेला. म्हणूनच तो इतकी वर्षं टिकला, असं माझं मत आहे. उदार माणसांच्या मनावर अवलंबून राहिला असता तर दुसऱ्या महापौराच्या काळातच संपला असता.

चॅनल मिळाले, पण ते वापरायचे कसे हे कुणाला ठाऊक? इथे जॉर्ज स्टोनी येतात. ते माहितीपट करणारे आणि शिकवणारे. त्याआधी ते कॅनडात 'चॅलेंज फॉर चेंज' या सरकारी उपक्रमाचे प्रमुख होते. त्या उपक्रमात १९६९ साली मॉन्ट्रियलच्या सां-जाक या गरीब वस्तीतल्या नागरिक समितीच्या हातात पोर्टापॅक दिला गेला. लोकांनी शेजाऱ्यांना घर, दवाखाना, काम यांबद्दल प्रश्न विचारले आणि ती टेप सभेत लावली. सभेत आधी गप्प बसणारे लोक टेपवर शेजाऱ्याला बोलताना पाहून बोलू लागले. स्टोनी ही पद्धत घेऊन न्यूयॉर्कला आले आणि रेड बर्न्स यांच्याबरोबर न्यूयॉर्क विद्यापीठात १९७१ साली 'आल्टर्नेट मीडिया सेंटर' सुरू केलं. तिथे कुणीही येऊन कॅमेरा शिकावा, घेऊन जावा. शिकवणारा सोबत जाई, पण कॅमेरा हातात घेत नसे.

माझा सर्वांत आवडता नमुना मॅनहॅटनमधल्या चायनाटाऊनचा आहे. जॉन आल्पर्ट टॅक्सी चालवत होते. त्यांची सहकारी आणि पत्नी केको त्सुनो जपानहून आलेली. दोघांनी १९७२ साली 'डाउनटाऊन कम्युनिटी टेलिव्हिजन सेंटर' सुरू केलं. टपालखात्याची एक जुनी गाडी घेतली, तिच्यात टीव्ही संच बसवले, आणि रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून त्याच भागात केलेल्या टेपा लोकांना दाखवू लागले. विषय शाळा, दवाखाना, घरमालक. कोपऱ्यावरचा प्रेक्षक निर्दय असतो. तिकीट काढलेलं नसतं, त्यामुळे कंटाळा आला की तो चालू लागतो. चित्रण कसं करावं, कुठे थांबावं, कुणाला बोलू द्यावं, याचं शिक्षण आल्पर्ट आणि त्सुनो यांना त्या कोपऱ्यावर मिळालं. १९७६ साली त्यांनी चायनाटाऊनच्या स्थलांतरितांवर माहितीपट केला. १९७७ साली ब्रुकलिनच्या सरकारी इस्पितळात कॅमेरा नेऊन, पैसा नसलेल्या रुग्णाचं काय होतं ते दाखवलं. पुढे ते लाफायेट रस्त्यावरच्या एका जुन्या अग्निशमन केंद्रात राहायला गेले आणि तिथे शेजारच्या मुलांना चित्रण शिकवू लागले. तिथे २०२२पासून माहितीपटांचं चित्रपटगृहही चालतं.

दुसरीकडे दक्षिण मॅनहॅटनचे कलावंत याच केबलवर आले. अर्जेंटिनाहून आलेले हाइमे दाविदोविच यांनी १९७९पासून 'द लाइव्ह! शो' चालवला. त्यात कलेवरच्या मुलाखती, नकला आणि प्रेक्षकांचे थेट फोन असत. ग्लेन ओब्रायन यांच्या 'टीव्ही पार्टी'मध्ये तेव्हा फारसा कुणाला माहीत नसलेला झाँ-मिशेल बास्किया पडद्यावर अक्षरं उमटवणाऱ्या यंत्रावर बसून कार्यक्रम चालू असताना ओळी टाइप करायचा. त्याच्या चित्रांमध्ये पुढे जो शब्दांचा खच दिसतो, त्याची एक शाळा इथे होती.

१९८१ साली डीडी हॅलेक आणि सहकाऱ्यांनी 'पेपर टायगर टेलिव्हिजन' सुरू केलं. पहिल्या भागात प्राध्यापक हर्ब शिलर कॅमेऱ्यासमोर बसून न्यूयॉर्क टाइम्स वाचतात: कुठली बातमी कुठे छापली, कुणाची जाहिरात किती जागेवर, कशाबद्दल अवाक्षर नाही. मागे हाताने रंगवलेला पडदा. शेवटी कार्यक्रमाला किती खर्च आला, त्याचा हिशेब हाताने लिहून दाखवलेला. हा हिशेब मला फार महत्त्वाचा वाटतो. बघणाऱ्याला त्यातून कळतं, की एवढ्यात हे होतं आणि आपणही करू शकतो. आपल्याकडे गणेशोत्सव मंडळं जमाखर्च फलकावर लावतात, त्यामागची भावना हीच.

आणि मग एड्स आला. या चॅनलांची खरी कसोटी त्या वर्षांत लागली. मोठ्या वाहिन्यांवर रुग्ण दिसे तो खाटेवरचा, हाडं वर आलेला, चेहरा अंधारात ठेवलेला. त्याला नाव नसे. 'गे मेन्स हेल्थ क्रायसिस' या संस्थेने मॅनहॅटनच्या केबलवर 'लिव्हिंग विथ एड्स' हा कार्यक्रम सुरू केला. जीन कार्लोमुस्टो आणि ग्रेग बोर्डोविट्झ तो करत. त्यात आजारी माणसं उजेडात बसून, स्वतःच्या नावाने, औषधं, कामावरचा भेदभाव, प्रेम यांबद्दल बोलत. १९८९ साली एड्सच्या प्रश्नावर लढणाऱ्या आंदोलकांमधून 'दीवा टीव्ही' हा गट निघाला. मोर्चांत त्यांचे कॅमेरे पोलिसांवरही रोखलेले असत, कारण अटक करताना काय घडलं हे पुढे सिद्ध करावं लागे.

ब्रुकलिनमध्ये १९९०च्या सुमाराला अलेक्झांड्रा युहास यांच्याबरोबर काही बायकांनी मिळून एक गट केला. बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी मुळाच्या, कमी उत्पन्नाच्या घरांतल्या. एड्सच्या रुग्णाची घरी शुश्रूषा कशी करायची, यावर त्यांनी 'वी केअर' ही टेप केली. ती त्यांनी स्वतः घराघरांत, संस्थांमध्ये नेऊन दाखवली आणि नंतर प्रश्नांना उत्तरं दिली. घरी बसलेल्या बाईच्या मनात जे भय होतं, त्याला उत्तर द्यायला तिच्यासारखीच बाई आली. टीव्हीचं याहून चांगलं काम मला माहीत नाही.

या सगळ्याची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. दार सगळ्यांना उघडं, म्हणजे द्वेष पसरवणाऱ्यालाही उघडं. वंशवाद्यांनी अनेक शहरांतल्या अशा चॅनलांचा वापर केला. कॅन्सस सिटीत कू क्लक्स क्लॅनने वेळ मागितला, तेव्हा १९८८ साली नगरपालिकेने तो चॅनलच बंद केला. खटला झाला आणि पुढच्या वर्षी चॅनल पुन्हा सुरू करावा लागला. माझं या बाबतीत स्पष्ट मत आहे. चॅनल बंद करणं हे उत्तर नव्हे. कारण त्यामुळे क्लॅनला दुसरं व्यासपीठ मिळतंच, आणि त्याला उत्तर देणाऱ्या शेजाऱ्याचं तेवढं जातं. थेट हिंसेला चिथावणी असेल तर त्यासाठी कायदा आहे.

कायद्याच्या लढाया सतत चालल्या. १९७२ साली अमेरिकेच्या केंद्रीय दळणवळण आयोगाने मोठ्या शहरांतल्या केबल कंपन्यांवर असे चॅनल ठेवण्याची सक्ती केली. १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उडवली. आयोगाला असा अधिकार नाही, असं म्हटलं. पण शहर स्वतः परवाना देताना काय मागू शकतं, हा प्रश्न वेगळा होता. १९८४च्या केबल कायद्याने तो मिटवला: पालिका असे चॅनल मागू शकते, आणि कंपनीच्या एकूण उत्पन्नाच्या पाच टक्क्यांपर्यंत शुल्कही घेऊ शकते. पुन्हा तेच. अधिकार रस्त्याच्या मालकाकडे आला.

या विचाराची सर्वांत कडवी परीक्षा २०१९ साली झाली. मॅनहॅटनचे जनता चॅनल चालवायला शहराने 'मॅनहॅटन नेबरहूड नेटवर्क' ही स्वतंत्र संस्था नेमलेली आहे. तिने ईस्ट हार्लेममध्ये, तेही एका जुन्या अग्निशमन केंद्रात, नवीन केंद्र उघडलं. पेपर टायगरच्या त्याच डीडी हॅलेक आणि पोर्टो रिको मुळाचे कवी हेसूस पापोलेतो मेलेंदेस यांनी, ही संस्था आमच्या वस्तीकडे दुर्लक्ष करते, अशी टीका करणारी चित्रफीत केली. ती प्रसारित झाल्यानंतर दोघांना संस्थेने निलंबित केलं. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला, की ही संस्था खाजगी आहे, त्यामुळे अभिव्यक्तिस्वातंत्र्याची घटनात्मक बंधनं तिला लागू नाहीत. विरोधी मत न्यायमूर्ती सोनिया सोटोमायर यांनी लिहिलं. त्यांचा युक्तिवाद असा, की परवाना देताना शहराने या चॅनलांवर मालमत्तेसारखा हक्क मिळवला आहे. म्हणून ते सार्वजनिक व्यासपीठ ठरतं. ते चालवायला शहराने कुणालाही नेमलं, तरी त्याचं सार्वजनिकपण संपत नाही. हॅलेक हरल्या. पण १९७० साली जे पालिकेच्या करारात होतं, तेच चार न्यायमूर्तींनी राज्यघटनेच्या भाषेत लिहून ठेवलं. पुढच्या लढाईला ते उपयोगी पडेल.

आता मुंबई.

१९६९ साली, न्यूयॉर्कमध्ये वाइज यांच्या दालनात ते प्रदर्शन भरलं त्याच वर्षी, मुंबईत नेपियन सी रोडवर अकबर पदमसी यांनी 'व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप' उभारली. चित्रकारांनी कॅमेरा हाताळावा, एकमेकांचं शिकावं, म्हणून. तरुण नलिनी मलानी यांनी तिथे 'ड्रीम हाउसेस' हा छोटा चित्रपट केला. नव्या वास्तुरचनेच्या आशेचे रंगीत आकार त्यात आहेत. १९७६ साली त्यांनी त्याला दुसरा, काळापांढरा भाग जोडला: उंच इमारतीच्या खिडकीशी एक तरुणी उभी आहे आणि खाली झोपडपट्टी पसरलेली आहे. या जोडीचं नाव 'यूटोपिया'. २०२२ साली मुंबईच्याच 'कॅम्प' या गटाने 'बॉम्बे टिल्ट्स डाऊन' ही अनेक पडद्यांची कलाकृती केली. उंच इमारतीवर बसवलेला सीसीटीव्ही कॅमेरा टॉवरांच्या माथ्यापासून हळूहळू खाली, वस्त्यांच्या पत्र्यांपर्यंत उतरतो. दोन कामांत पंचेचाळीसहून अधिक वर्षांचं अंतर आहे आणि नजर त्याच उंचीवरून त्याच ठिकाणी जाते. मुंबईच्या चलचित्रकलेने या शहराची खरी गोष्ट आधीपासून पाहिलेली होती. मग ती शहराच्या घराघरांत का पोहोचली नाही?

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर इमारतींमध्ये केबल आली. एक व्हीसीआर, एक अँप्लिफायर, आणि गच्चीवरून गच्चीवर, झाडावरून खांबावर टाकलेली वायर. १९९१च्या आखाती युद्धात लोकांनी परदेशी वाहिनी पाहिली, १९९२ साली झी टीव्ही आला, आणि गल्लोगल्ली केबलवाले उभे राहिले. या केबलवाल्याला प्रत्येक घर माहीत होतं. दर महिन्याला तो पैसे मागायला दारात येई. त्याच्या स्वतःच्या व्हिडिओ चॅनलवर सिनेमे लागत, पण विभागातल्या गणपतीची मिरवणूक, कबड्डीचे सामने, शाळेचं स्नेहसंमेलन, कोपऱ्यावरच्या दुकानाची जाहिरात हेही लागे. शेजाराचा टीव्ही आपल्याकडे कुणी न मागता तयार झाला होता. त्याला फक्त नियम हवा होता: यातला काही वेळ विभागातल्या कुणाचाही.

तो नियम करण्याची वेळही आली होती. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट प्रक्षेपणाच्या खटल्यात निकाल दिला, की लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचं. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत केबल नियमनाचा कायदा झाला. त्यात केबलवाल्याने मुख्य टपाल कार्यालयात नोंदणी करावी आणि दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवल्याच पाहिजेत, अशी तरतूद आली. म्हणजे राखीव जागेची कल्पना कायद्याला ठाऊक होती. ती सरकारसाठी राखली. ज्या मालमत्तेला न्यायालयाने नुकतंच जनतेची म्हटलं, तिच्यातला एक तासही जनतेसाठी राखला गेला नाही. आणि ज्या पालिकेच्या रस्त्यांवरून वायर गेली, तिला या व्यवहारात जागाच नव्हती. नोव्हेंबर २०१२पासून मुंबईत सेट-टॉप बॉक्स सक्तीचे झाले. गल्लीचा व्यवहार मोठ्या कंपन्यांच्या हातात गेला. २००६पासून स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवता येतो; साताऱ्यात म्हसवडला महिलांचं असं केंद्र चालतं. पण सामुदायिक टीव्हीसाठी असं धोरण देशात नाही.

आपल्याकडे काम झालं नाही असं मात्र म्हणू नये. १९८४ साली न्यूयॉर्कच्या मार्था स्टुअर्ट अहमदाबादला आल्या आणि त्यांनी 'सेवा' संघटनेच्या बायकांना व्हिडिओ शिकवला. त्यांतल्या काही भाजी विकणाऱ्या होत्या, काहींना लिहिता-वाचता येत नव्हतं. 'व्हिडिओ सेवा'च्या टेपा संघटनेच्या बैठकांत, बँकेच्या कामात, अधिकाऱ्यांसमोर वापरल्या गेल्या. गोव्यातून चालणाऱ्या 'व्हिडिओ व्हॉलंटिअर्स'ने देशभर वस्तीतले वार्ताहर घडवले. शाइना आनंद यांनी २००४ साली बंगळुरूच्या रसेल मार्केटमध्ये तिथल्याच विक्रेत्यांबरोबर बाजाराचा टीव्ही केला. २००६ साली दिल्लीच्या खिडकी एक्स्टेन्शनमध्ये त्यांनी 'खिडकियाँ' केलं. सीसीटीव्हीचे कॅमेरे, माइक आणि साधे टीव्ही संच तारेने जोडून चार ठिकाणची माणसं एकाच पडद्यावर आणली. परस्परांना कधी न भेटलेले शेजारी त्यावर बोलू लागले. पाळत ठेवायच्या यंत्राने गप्पा घडवल्या. त्यांच्या 'कॅम्प' गटाने इतर संस्थांसह २००८ साली 'पॅड.मा' हा संग्रह उघडला. तिथे तयार चित्रपटाऐवजी मूळ चित्रण ठेवलं जातं, त्यावर क्षणाक्षणाच्या नोंदी केल्या जातात आणि ते कुणीही पाहू शकतो. आनंद पटवर्धन यांनी ११ जुलै १९९७च्या, मुंबईतल्या रमाबाई नगरच्या पोलीस गोळीबारापासून सुरू करून चौदा वर्षं 'जय भीम कॉम्रेड' या माहितीपटाचं काम केलं आणि तो वस्त्यावस्त्यांत पडदा लावून दाखवला. ही माणसं कुठल्याही राखीव वेळेविना, प्रत्येक वेळी जागा, वीज आणि पडदा नव्याने जमवून काम करत आली. त्यांच्या चिकाटीचं कौतुक करून थांबणं मला पुरेसं वाटत नाही. त्यांचं जे देणं आहे, ते शहराने दिलं पाहिजे.

इथे अनेकांच्या मनात एक प्रश्न असेल: आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, यूट्यूब आहे, मग चॅनल कशाला? हा प्रश्न मी टाळत नाही. मोबाइलने चित्रण करणं सोपं केलं, हे खरंच आहे. पण मॅनहॅटनच्या चॅनलवर जो आधी येई त्याला आधी वेळ मिळे, आणि हा नियम सगळ्यांना ठाऊक होता. आज कुणाचा व्हिडिओ कुणाला दिसायचा, हे कंपनीच्या संगणकातली गणितं ठरवतात आणि ती आपल्याला कुणी दाखवत नाही. व्हिडिओ काढून टाकला गेला तर ज्याच्याकडे दाद मागायची, तो माणूस आपल्या शहरात नसतो. दुसरं, शिकण्याची जागा. चायनाटाऊनच्या त्या अग्निशमन केंद्रात किंवा स्टोनींच्या केंद्रात कॅमेऱ्यापेक्षा मोठी गोष्ट मिळत होती ती शेजारी बसून दुरुस्त करणाऱ्या माणसाची सोबत. तिसरं, साठवण. हॉवर्ड वाइज यांच्या संस्थेमुळे पन्नास वर्षांपूर्वीच्या टेपा आज चालतात. आपल्या वस्त्यांचं चित्रण फोन बदलला की जातं.

म्हणून माझी मागणी अगदी ठोस आहे. केबल मागे पडते आहे, पण खोदकाम वाढलंच आहे. आता रस्त्यांखालून फायबर जातो. कंपन्या पालिकेकडे परवानगी मागतात, रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च भरतात, आणि त्या तारेतून पुढे जो व्यवहार चालतो त्यातलं काहीही शहराला मिळत नाही. या परवानगीतच अट हवी: प्रत्येक विभागात एक लहान स्टुडिओ, पालिकेच्या शाळेत किंवा मंडईच्या माळ्यावर, त्याला कंपनीने मोफत पुरवलेली जोडणी, अर्ज येईल त्या क्रमाने वेळ, आणि सगळं चित्रण साठवणारं एक सार्वजनिक भांडार. ते चालवणारी समिती विभागातली असावी आणि, मॅनहॅटनच्या अनुभवावरून, तिच्यावर टीका करणाऱ्याला ती काढू शकणार नाही, हे पहिल्याच पानावर लिहिलेलं असावं. लहरींवर केंद्राचा अधिकार आहे, टीव्ही वाहिनीचा परवाना दिल्लीत मिळतो, हे मला मान्य आहे. पण तारेच्या टोकाला शाळेच्या खोलीत पडदा लावायला आणि विभागातल्या पडद्यांना एकमेकांशी जोडायला दिल्लीत जावं लागू नये. खिडकी एक्स्टेन्शनने ते करून दाखवलं आहे.

सुरुवात कागदापासून होईल. आपल्या विभागात गेल्या काही वर्षांत कुणाकुणाला खोदायची परवानगी दिली, कुठल्या अटींवर दिली, किती रक्कम घेतली, ही माहिती माहितीच्या अधिकारात मागता येते. अर्ज मराठीत, एका पानाचा. मी त्याचा मसुदा सोबत आणला आहे. प्रश्नोत्तरं झाली की ज्यांना हवं त्यांच्याबरोबर बसून तो आजच भरू, आणि उद्या विभाग कार्यालय उघडलं की देऊन येऊ.